उंदराचं जठर वाचलं, पण माणसाचा व्रण भरेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तो नीट समजलोय की नाही हे तुम्हाला पाहता येईल. तुमच्या घरात पोटाच्या अल्सरवर एका मुळाचा काढा देतात. पदव्युत्तर प्रकल्पासाठी तुम्ही त्याच मुळाचा मिथेनॉलमधला अर्क काढला, तो उंदरांना तोंडावाटे दिला आणि तासाभराने त्यांच्या जठरात शुद्ध अल्कोहोल सोडलं. ४०० मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रेला व्रण-निर्देशांक, म्हणजे जठरावरच्या जखमा मोजून काढलेला आकडा, ७० टक्क्यांनी खाली आला. आता ‘ही वनस्पती अल्सर बरा करते’ असं लिहिता येईल का आणि माणसांवरची चाचणी कशी सुरू करायची, हे तुम्हाला विचारायचंय. जाता जाता एका ओळीत तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या काकांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून हाच काढा सुरू केलाय.

काकांचं आधी बोलू, बाकी सगळं थांबू शकतं. त्यांना गोळ्या पुन्हा सुरू करायला लावा आणि काढा घेतोय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला लावा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. कारण नसताना वजन उतरत असेल, घास अडकत असेल, चेहरा पांढराफटक पडत चालला असेल, तरी लवकर दाखवायचं. त्यांचा व्रण जठरात आहे की ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, हेही विचारून घ्या. जठरात असेल तर एंडोस्कोपीत त्याचा तुकडा तपासलाय का, हे नक्की पाहा. जठराचा कर्करोग कधीकधी साध्या व्रणासारखाच दिसतो आणि आम्ल कमी झालं की त्याचंही दुखणं काही काळ शमतं. दुखणं थांबलं म्हणजे औषध लागू पडलं, असा समज झाला की याच ठिकाणी महिने वाया जातात.

आता तुमचा प्रयोग. तो चुकला असं मी म्हणणार नाही. पण त्याने दिलेलं उत्तर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं नाही. तुम्ही मूळ आधी दिलं आणि इजा नंतर केली. काकांच्या पोटात इजा आधी झालीय आणि मूळ नंतर जातंय. इजा होऊ न देणं वेगळं आणि झालेली इजा भरून आणणं वेगळं. या दोन्हींसाठी शरीर वेगवेगळी कामं करतं, आणि पारंपरिक वनस्पतींवरचे कितीतरी शोधनिबंध पहिलं मोजून शीर्षकात दुसरं लिहितात.

अल्कोहोलच्या प्रयोगात नेमकं काय घडतं ते बघा. उपाशी उंदराच्या जठरात अल्कोहोल गेलं की काही मिनिटांत वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी मरतात. तासाभराने जठर काढून त्याच्या मोठ्या वक्राच्या, म्हणजे बाहेरच्या फुगीर कडेच्या, बाजूने कापायचं, थंड सलाइनने हलक्या हाताने धुवायचं आणि कॉर्कवर टाचण्यांनी ताणून लावायचं. मग ग्रंथी असलेल्या भागात लांबीच्या दिशेने ओढलेल्या काळपट लाल रेघा दिसतात, नखांनी ओरबाडल्यासारख्या. आपण त्यांना सरसकट व्रण म्हणतो. काटेकोरपणे पाहिलं तर अस्तराखालचा पातळ स्नायुथर ओलांडून खोल गेलेल्या जखमेलाच व्रण म्हणायचं. या रेघा बहुतेक उथळ असतात, आणि उथळ जखमेवर शेजारच्या पेशी सरकून काही तासांत पांघरूण घालतात. काकांचा व्रण खोल असेल, त्याच्या तळाशी मेलेल्या पेशींचा चोथा असेल, कडा सुजलेल्या असतील आणि तो कित्येक आठवडे तसाच राहिलेला असेल.

याहून मोठी अडचण म्हणजे या कसोटीत पास होणं फार सोपं आहे. आंद्रे रॉबर्ट या संशोधकांनी १९७९ साली दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीर स्वतःही बनवतं असं एक रसायन, आधी दिलं तर शुद्ध अल्कोहोल, तीव्र आम्ल, अगदी उकळतं पाणीसुद्धा उंदराच्या जठराला फारशी इजा करत नाही. त्याला त्यांनी पेशीसंरक्षण म्हटलं. काही वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांच्याच गटाने पुढची गोष्ट दाखवली. सौम्य अल्कोहोल किंवा सौम्य आम्ल आधी दिलं तरी तसंच संरक्षण मिळतं, कारण किंचित डिवचलेलं जठर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. आता वनस्पतीच्या कच्च्या अर्कात काय काय असतं ते आठवा. टॅनिन असतात, ती वरच्या थरातली प्रथिनं आवळून घट्ट करतात. सॅपोनिन असतात, ती अस्तराला डिवचतात. बुळबुळीत द्रव्यं असतात, ती नुसती लेपासारखी बसतात. यातलं काहीही तुमच्या उंदरांना अल्कोहोलपासून वाचवू शकतं. त्या पदार्थाने भरून येण्याला मदत होते, असं मात्र यातून निघत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक अनुभव सांगतो, कारण त्यानंतर माझी काम करायची पद्धत बदलली. एका पाल्याचा पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणातला अर्क आम्ही तपासत होतो. आकडे इतके सुरेख होते की निबंधाचा मसुदाही लिहून झाला होता. मग अर्काच्या बाटलीचं झाकण उघडताना मला वास आला. तो पूर्ण सुकलेलाच नव्हता, काकवीसारखा चिकट होता. त्यात किती अल्कोहोल उरलंय ते मोजलं आणि तेवढंच अल्कोहोल पाण्यात मिसळून एका नव्या गटाला दिलं, वनस्पतीचा अंशही न घालता. त्या गटातल्या रेघासुद्धा कमी आल्या. आमच्या पाल्याचं श्रेय बरंचसं त्या उरलेल्या अल्कोहोलचं होतं. मसुदा बाजूला ठेवला. पाच महिन्यांचं काम होतं आणि प्राण्यांचे जीव त्यात गेले होते. ते मला आजही लागतं.

म्हणून तुमच्याबद्दल मला पहिली शंका आहे ती नियंत्रण गटाची, म्हणजे अर्क न मिळालेल्या तुलनेच्या उंदरांची. अर्क कशात कालवून दिला? कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या द्रावणात असेल तर ते स्वतःच चिकट असतं, त्यामुळे नियंत्रण गटालाही तेच द्रावण तितकंच मिळायला हवं, नुसतं पाणी चालणार नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक वापरलं असेल तर जास्त जपा, कारण ते स्वतःच अल्कोहोलच्या इजेपासून वाचवतं. उंदीर उपाशी ठेवताना पिंजऱ्याला तळाशी जाळी होती का? नसेल तर ते स्वतःची विष्ठा आणि खालचा भुसा खातात आणि रिकामं जठर रिकामं राहत नाही. आणि रेघा मोजणाऱ्याला कोणतं जठर कोणत्या गटातलं हे माहीत होतं का? मी एकदा एकाच दिवशीची जठरं आधी नावं माहीत असताना आणि मग चिठ्ठ्या झाकून अशी दोनदा मोजली. दोन्ही वेळा मीच मोजत होतो, खोटेपणा कुठेच नव्हता, तरी पहिल्या मोजणीत औषधाच्या गटाला मी झुकतं माप दिलं होतं.

संरक्षण आणि बरं करणं यांत खरंच एवढं अंतर आहे का, अशी शंका तुम्हाला येईल. याचा पुरावा माणसांतच आहे. आम्ल कमी करणारं सिमेटिडिन १९७६ साली बाजारात आलं आणि अल्सरच्या शस्त्रक्रियांची गरज झपाट्याने घटली. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. असं हे औषध अल्कोहोलच्या कसोटीत जवळपास नापास होतं, कारण त्या इजेत आम्लाचा वाटाच थोडा असतो. आता उलट बाजू पाहा. प्रोस्टाग्लँडिनसारखी औषधं आम्ल कमी न करणाऱ्या इवल्या मात्रेतही उंदराचं जठर वाचवतात. माणसाचा झालेला व्रण भरायला मात्र त्यांची आम्ल दाबण्याइतकी मात्रा लागली. नुसत्या संरक्षक मात्रेने काम भागलं नाही. थोडक्यात, बरं करणारं औषध तुमच्या कसोटीत पडू शकतं आणि त्या कसोटीत पहिलं आलेलं औषध रुग्णाच्या कामी न येऊ शकतं.

मग कोणती कसोटी घ्यायची? हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. दुखण्यावरच्या गोळ्या रोज घ्याव्या लागणाऱ्या संधिवाताच्या माणसाचं जठर जपायचं असेल, तर इंडोमेथॅसिन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊन केलेला प्रयोग त्या प्रश्नाच्या बराच जवळ जातो. तिथे संरक्षण हाच उद्देश असतो, त्यामुळे औषध आधी देणं योग्यच. आम्ल कमी होतं का हे पाहायचं असेल तर जठराचं खालचं तोंड बांधून काही तासांचा रस गोळा करायची जुनी पद्धत आहे. शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९४५ साली मांडली. रसाचं आकारमान, आम्लता, पेप्सिन हे पाचक विकर मोजायला ती अजूनही उपयोगी आहे. पण त्यात होणारे व्रण उंदराच्या जठराच्या पुढच्या, ग्रंथी नसलेल्या भागात होतात, आणि तो भाग माणसाला नसतोच. तिथले व्रण मोजून माणसाबद्दल काही म्हणणं मला पटत नाही. या पद्धतीत रस मोजावा, व्रण मोजू नयेत.

भरून येणं तपासायचं असेल, आणि तुम्हाला तेच हवंय, तर अ‍ॅसेटिक आम्लाने केलेला जुनाट व्रण घ्या. ताकागी आणि ओकाबे या जपानी संशोधकांच्या गटाने ही पद्धत रूढ केली. उंदराला पूर्ण भूल देऊन पोट उघडायचं, जठराच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ठरावीक वेळ अ‍ॅसेटिक आम्ल ठेवायचं, पुसून धुवायचं आणि पोट शिवायचं. काही दिवसांत आत एक गोल, खोल व्रण तयार होतो, कडा उचललेला, माणसाच्या व्रणासारखा दिसणारा. तो आपोआप भरतो, पण सावकाश. अर्क द्यायला सुरुवात व्रण तयार झाल्यावरच करायची, आणि दहा ते चौदा दिवसांनी व्रणाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजायचं. सोबत सूक्ष्मदर्शकाखाली नवं अस्तर किती सरकलंय, खाली नव्या रक्तवाहिन्या आल्यात का, हेही पाहायचं. ही पद्धत कष्टाची आहे. शस्त्रक्रियेचा हात लागतो, वेदनाशामक द्यावं लागतं आणि ते कोणतं द्यायचं याचा विचार करावा लागतो, कारण नेहमीची काही वेदनाशामकं स्वतःच व्रण करतात. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासोबत काम करा. प्रशिक्षण नसताना हा प्रयोग करून पाहू नका.

दोन्ही बाजू तपासलेलं उदाहरण हवं असेल तर कच्च्या केळ्यावरचं काम पाहा. भाजीच्या केळ्याच्या कच्च्या गराची पूड अ‍ॅस्पिरिनच्या व्रणांना प्रतिबंध करते का आणि आधीच झालेले व्रण भरते का, हे १९८४ च्या त्या अभ्यासात वेगवेगळं पाहिलं होतं, आणि उंदरांत दोन्ही दिसलं. पुढे त्यातला ल्युकोसायनिडिन हा घटक वेगळा काढला गेला. प्रश्न नीट दोन भागांत मांडला की असं उत्तर मिळतं.

आता माणसाच्या अल्सरचं एक मोठं कारण घेऊ, कारण वर सांगितलेल्या एकाही प्रयोगातल्या उंदरात ते नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातला वळणदार जंतू, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, प्रयोगशाळेत वाढवला. ताटल्या ईस्टरच्या सुट्टीमुळे नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि सावकाश वाढणारा तो जंतू दिसला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या या दोघांच्या खात्यात आज बहुतेक व्रण जातात. जंतू तसाच राहिला तर भरलेला ड्युओडेनमचा व्रण पुष्कळांत वर्षभरात परत उठतो. म्हणून वनस्पतीने व्रण भरला तरी ‘परत का झाला नाही किंवा का झाला’ याचं उत्तर जंतूची तपासणी केल्याशिवाय मिळत नाही.

इथे तुम्हाला आणखी एक मोह होईल. अर्क ताटलीतल्या जंतूंवर टाकायचा, वाढ थांबली की ‘जंतुनाशक’ म्हणायचं. रूमी मस्तकी या झाडाच्या डिंकाचं उदाहरण लक्षात ठेवा. ती हेलिकोबॅक्टर मारते असं १९९८ साली प्रयोगशाळेतल्या निकालांवरून छापून आलं आणि खूप गाजलं. २००३ साली मोजक्या रुग्णांना ती १४ दिवस देऊन पाहिली, तर जंतू जिथल्या तिथे. जंतू बुळबुळीत थराच्या आत, अस्तराला चिकटून राहतो. तिथपर्यंत औषध पोचावं लागतं, टिकावं लागतं, आणि जठर तर सतत रिकामं होत असतं. ताटलीत या अडचणी नसतात. उलट धोकाही आहे. जंतूची वाढ थोडी दबली की जंतू आहे का हे श्वासातून ओळखणारी युरिया चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून प्रतिजैविकांनंतर किमान चार आठवडे आणि आम्लरोधक गोळ्यांनंतर दोन आठवडे थांबून ती करतात. जंतू दाबू शकणाऱ्या अर्कालाही मी हाच नियम लावतो.

तुमच्या मात्रेचं गणित करून पाहू. उंदराची (मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची) मात्रा माणसात नेताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब लावून तिला ६.२ ने भागतात. ४०० ला ६.२ ने भागलं की किलोला सुमारे ६५ मिलिग्रॅम आले. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ३.९ ग्रॅम अर्क. सुक्या मुळापासून अर्काचा उतारा दहा टक्के धरला, तर ते रोजचं ३९ ग्रॅम मूळ झालं. घरातला काढा किती मुळाचा होतो? चमचाभराचा असेल तर तुम्ही काढ्याची परीक्षा घेतलेलीच नाही, त्याच्या कितीतरी पट जोरकस वेगळ्याच पदार्थाची घेतलीय. शिवाय घरात मूळ पाण्यात उकळतात आणि तुम्ही ते मिथेनॉलमध्ये भिजवलंत. पाण्यात उतरणारी बुळबुळीत शर्कराद्रव्यं मिथेनॉलमध्ये फारशी येत नाहीत, आणि मिथेनॉलमध्ये येणारं बरंच काही काढ्यात नसतं. परंपरेचा आधार घेऊन सुरुवात करायची असेल, तर पहिला अर्क परंपरेसारखाच करा. तेवढंच मूळ, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ उकळून, मग गोठवून सुकवलेलं.

आणि मूळ तेच आहे ना? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर जीव अवलंबून असतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरी गेली. स्टेफानियाऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली, आणि शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. म्हणून फुलाफळासकट पूर्ण रोप वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्या, हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, त्याचा नमुना क्रमांकासह ठेवा आणि कोणत्या महिन्यात, कुठल्या जमिनीतून खणलं ते लिहा. प्रत्येक खेपेच्या अर्काचा क्रोमॅटोग्राफीचा (घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतीचा) ठसा काढून एखाद्या ओळखीच्या घटकाचं प्रमाण मोजा. शिसं, आर्सेनिक, बुरशीची विषं तपासा. अर्क घरच्या मुळाचा नसून कुणाच्या तयार चूर्णाचा असेल तर त्यात वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मिसळलंय का हेही पाहा. अशी भेसळ अनेकदा सापडलेली आहे आणि अल्सरच्या रुग्णासाठी ती थेट घातक आहे.

हे सगळं वाचून मी तुम्हाला परावृत्त करतोय असं वाटलं असेल. तसं नाही. पारंपरिक वनस्पतीतून अल्सरचं खरं औषध निघालेलं आहे, आणि ती गोष्ट मला प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एका औषधविक्रेत्याकडचं ज्येष्ठमधाचं मिश्रण घेऊन काही रुग्णांचे व्रण सुधारतायत. त्यांनी ते गावठी म्हणून झटकलं नाही, रुग्णांवर वापरून १९४६ मध्ये प्रसिद्ध केलं. सोबत हेही नोंदवलं की सुमारे पाचांतल्या एकाच्या अंगावर सूज येते. त्या धाग्यावरून ज्येष्ठमधातल्या आम्लापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झालं. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीशी, तुलना करून दाखवलं की जठराचे व्रण त्याने लवकर भरतात. पण सूज, चढता रक्तदाब आणि घसरतं पोटॅशियम त्यालाही सुटले नाहीत. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्क्रिय करणारं एक विकर ज्येष्ठमध अडवतं आणि मग कॉर्टिसॉलच मीठ धरून ठेवायचा हुकूम देतं, हा उलगडा १९८७ मध्ये झाला. गुणकारी घटक आणि त्रासदायक घटक एकाच मुळात, एकाच रेणूत होते. तो रेणू काढून टाकलेल्या ज्येष्ठमधाचा पुढे जठराच्या व्रणावरच्या निदान एका चाचणीत तरी प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं म्हणजे निर्धोक, असं मी का मानत नाही ते यावरून कळेल. रक्तदाब चढतो तेव्हा घरात कुणाला काही दिसत नाही. परंपरेला तो दिसणार कसा?

आता माणसांवरची चाचणी. इथे पहिला अडसर असा की व्रण आपलेआपण भरतात. ड्युओडेनमच्या व्रणावरच्या ७९ चाचण्यांचा १९९९ साली एकत्र हिशेब केला, तेव्हा नुसता प्लासिबो घेणाऱ्यांपैकी, दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत ३६.२ टक्के आणि चारदा घेणाऱ्यांत ४४.२ टक्के रुग्णांचे व्रण चार आठवड्यांत भरलेले निघाले. हे एंडोस्कोपीत दिसलेलं भरणं आहे, रुग्णाने ‘बरं वाटतं’ म्हटलेलं नव्हे. तेव्हा तुलनेचा गट न ठेवता दहा जणांना काढा दिलात आणि चौघांचे व्रण भरले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. घराण्याचा अनुभव खरा असतो, तो सांगणारे प्रामाणिक असतात, पण त्या अनुभवात ही चाळीस टक्के माणसं मिसळलेली असतात. शिवाय ‘अल्सर होता’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची एंडोस्कोपी कधी झालेलीच नसते, आणि पोट दुखणाऱ्या बहुतेकांच्या जठरात व्रण नसतोच.

दुसरा अडसर नैतिक आहे आणि त्यात तडजोड नाही. ज्याच्या पोटात व्रण दिसतोय आणि ज्यावर खात्रीचा उपचार आहे, त्याला तो नाकारून नुसता काढा देता येत नाही. म्हणजे काढा नेहमीच्या उपचारासोबत द्यायचा. समजा नेहमीच्या गोळ्यांनी ९० टक्के व्रण भरतात आणि काढ्याने ते ९५ वर जातील अशी तुमची आशा आहे. हा फरक विश्वासाने पकडायला प्रत्येक गटात सुमारे ४३० रुग्ण लागतील, आणि सगळ्यांची पुन्हा एंडोस्कोपी. पदव्युत्तर प्रकल्पात हे होण्यासारखं नाही. त्यामुळे तुमच्या मुळासाठी खरी जागा कुठे आहे याचा आधी विचार करा. मला दोन जागा दिसतात. एक, व्रण नसलेल्या पण सतत पोट दुखणाऱ्या, जळजळणाऱ्या रुग्णांची. त्यांच्यासाठी आजचे उपचार अपुरे पडतात आणि तिथे प्लासिबोशी प्रामाणिक तुलना करणं न्याय्य ठरतं. दुसरी, जंतू घालवायच्या प्रतिजैविकांसोबत पूरक म्हणून. दोन्हींत ‘अल्सर बरा करतो’ हे वाक्य येत नाही. ते सोडायची तुमची तयारी हवी.

त्याआधी सुरक्षिततेचे टप्पे आहेतच. उंदरांत एकदाच दिलेल्या मोठ्या मात्रेची आणि मग रोज दिलेल्या मात्रेची विषारीपणाची चाचणी, नंतर थोड्या निरोगी स्वयंसेवकांत रक्तदाब, पोटॅशियम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. नैतिकता समितीची मंजुरी आणि चाचणीची जाहीर नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधी व्हायला हवी. मुख्य निकष कोणता हेही आधीच लिहून ठेवायचं, कारण नंतर ठरवला की माणूस नकळत सोयीचा निवडतो. काढ्याला चव आणि रंग असतो, म्हणून तो सुकवून कॅप्सूलमध्ये भरा, म्हणजे प्लासिबो ओळखू येणार नाही. आणि ज्यांनी तुम्हाला हे मूळ दाखवलं, त्यांची लेखी संमती आणि निबंधातलं श्रेय आजच ठरवा. तुमच्या घरातलं ज्ञान असलं तरी ते कुणा एका आजीकडून, कुणा एका वैदूकडून आलेलं असेल. त्यांना विचारलं तर तुमच्या प्रयोगाचीही चूक सापडेल. ते मूळ जेवणाआधी देतात की नंतर, किती दिवसांनी थांबवतात, कुणाला देत नाहीत. ‘गरोदर बाईला देत नाही’ एवढं एक वाक्य तुमची पुढची अर्धी विषचाचणी ठरवून जाईल.

तुम्ही विचारलेल्या वाक्याबद्दल सांगायचं तर आज तुमच्या हातातल्या निकालावर एवढं लिहिता येतं: ‘या मुळाचा मिथेनॉल अर्क आधी दिल्यास उंदरांत अल्कोहोलने होणारी जठराची इजा कमी झाली.’ वाचायला हे फिकं वाटतं, पण त्यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे आणि परीक्षकासमोर तुम्हाला त्याचा बचाव करावा लागणार नाही. त्यात भर घालायची सगळ्यात स्वस्त संधी तुमच्याजवळ आत्ताच आहे. जठरांचे फोटो जपून ठेवले असतील. त्यावरची गटांची नावं झाकून क्रमांक द्या, क्रम विस्कटून टाका आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या कुणाकडून तरी, शेजारी ठेवलेल्या मोजपट्टीच्या आधाराने, सगळ्या रेघा नव्याने मोजून घ्या. तो आकडा ७० च्या आसपास राहिला तर मला कळवा. मग काढ्याचा पाण्यातला अर्क आणि अ‍ॅसेटिक आम्लाचा प्रयोग यांची आखणी बसून करू.